रेफर चिठ्ठीवरची एक ओळ

छत्तीसगडमधल्या दल्ली राजहराच्या खाणींपासून भिलाईपर्यंतचे अंतर ८०-९० किलोमीटर. या वाटेने इस्पात कारखान्याला लोहखनिज येते आणि याच वाटेने बालोद, डौंडी, लोहारा भागातले रुग्णही येतात. रुग्णासोबत येणाऱ्या रेफर चिठ्ठीवर बहुतेकदा तक्रार लिहिलेली असते, निष्कर्ष नसतो. ‘पोटात दुखते, बीपी कमी, पुढील उपचारासाठी रवाना’ एवढ्यावरून वरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला कळत नाही की पोटात रक्त साचले आहे की नाही, शस्त्रक्रियेची खोली तयार ठेवायची की आधी सलाईन लावून थांबायचे. मग सगळी तपासणी पहिल्यापासून सुरू होते आणि वाटेत गेलेल्या दोन तासांत आणखी वेळेची भर पडते. या चिठ्ठीवर ‘यकृत व मूत्रपिंडाच्या मध्ये द्रव दिसतो’ अशी एकच ओळ वाढली, तर पुढचा बराच क्रम बदलतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांना खाटेजवळची सोनोग्राफी शिकवण्याचा विचार भिलाई-दुर्ग परिसरातल्या आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या गोंदिया-गडचिरोलीतल्या शिक्षकांनी या ओळीपासून सुरू करावा. ग्रामीण भागात या कौशल्याचा मुख्य उपयोग रोगाचे पूर्ण नाव शोधण्यासाठी होत नाही. रुग्णाला ठेवायचे की पाठवायचे, पाठवायचे तर कुठे आणि किती घाईने, हे ठरवण्यासाठी होतो. अभ्यासक्रमही त्याच निर्णयाभोवती बांधायला हवा.

रेडिओलॉजी विभागातली सोनोग्राफी आणि खाटेजवळची सोनोग्राफी यांत मशीनपेक्षा कामाचा फरक मोठा आहे. रेडिओलॉजिस्ट एखाद्या भागाची संपूर्ण पाहणी करतो, मापे घेतो, अहवाल लिहितो. खाटेजवळ उभा असलेला डॉक्टर स्वतःच्या तपासणीतून उभा राहिलेला एकच प्रश्न मशीनला विचारतो आणि उत्तर मिळताच पुढचे पाऊल उचलतो. अशा मर्यादित प्रश्नांना नवशिकेही बऱ्यापैकी उत्तर देऊ शकतात, याला पुरावा आहे. लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना १८ तासांचे प्रशिक्षण देऊन हातातले छोटे मशीन दिले होते. हृदयाच्या दोषांपैकी ७५ टक्के त्यांनी ओळखले. केवळ हाताने आणि स्टेथोस्कोपने तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना त्याच रुग्णांत ४९ टक्के ओळखता आले. विद्यार्थी दोनच होते, म्हणून या आकड्यावर इमारत उभारू नये. पण प्रश्न नेमका असेल तर थोड्या तासांतही पदरात बरेच पडते, एवढे त्यातून दिसते. छातीत हवा भरण्याबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे. अपघातातल्या निजलेल्या रुग्णात अशी हवा शोधण्याची संवेदनशीलता सोनोग्राफीत ९१ टक्के, तर झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये ४७ टक्के असल्याचे २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने नोंदवले. ज्या सामुदायिक आरोग्य केंद्रात रात्री एक्स-रेवाला तंत्रज्ञ नसतो, तिथे या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

छत्तीसगडला कमी मुदतीच्या पण नेमक्या प्रशिक्षणाचा अनुभव नवा नाही. राज्य झाल्यावर लगेच, २००१ साली, इथे तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू करण्यात आला आणि त्यातून आलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले गेले. या निर्णयावर टीका पुष्कळ झाली. पण पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या वेगवेगळ्या चिकित्सकांची क्षमता शास्त्रीय पद्धतीने तपासली, तेव्हा नेहमीच्या आजारांच्या बाबतीत हे सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले. इथे धडा पदवीच्या लांबीचा नाही. ज्या कामासाठी माणूस जाणार आहे तेच काम त्याला शिकवले तर तो ते करतो, हा धडा आहे. भिलाईत आता त्यासाठी पुरेशी जागा आहे. जुनवानीचे श्री शंकराचार्य मेडिकल कॉलेज, कचांदूरचे २०२१ साली सरकारने ताब्यात घेतलेले चंदूलाल चंद्राकर स्मृती कॉलेज आणि विशेषज्ञांच्या प्रशिक्षणाची परंपरा असलेले इस्पात कारखान्याचे सेक्टर ९ चे रुग्णालय ही सगळी एकमेकांपासून जवळ आहेत. गरज मात्र शहराबाहेर आहे. खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ साली दल्ली राजहऱ्यात शहीद हॉस्पिटल उभे केले, ते ही गरज ओळखूनच. शिकण्याची जागा आणि गरजेची जागा यांतले हे अंतर अभ्यासक्रमाने आधी मान्य करावे, म्हणजे काय शिकवायचे हे आपोआप ठरत जाते.

शिकवायचे ते सहा प्रश्न पुरेत. पोटात मोकळा द्रव आहे का? फुफ्फुसाभोवती हवा किंवा पाणी आहे का? फुफ्फुस ओले झाले आहे का? हृदयाभोवती पाणी आहे का, आणि हृदय जोराने आकुंचन पावते का? मूत्रपिंड फुगले आहे का, मूत्राशय तुंबले आहे का? मांडीची आणि गुडघ्यामागची शीर प्रोबने दाबल्यावर पूर्ण मिटते का? प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावर या भागातला एखादा निर्णय टांगलेला आहे. रस्त्यावरचा अपघात किंवा खाणीतली पडझड यांत पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा मार्ग ठरवतो. मलेरियाने किंवा जंतुसंसर्गाने बीपी पडलेल्या रुग्णाला सलाईनच्या बाटल्या देताना फुफ्फुसात दोन्ही बाजूंना उभ्या पांढऱ्या रेघा वाढू लागल्या, तर हात आखडता घ्यायचा, हे तिसऱ्या प्रश्नातून कळते. पायांना सूज आणि धाप घेऊन आलेल्या रुग्णाच्या हृदयाभोवती क्षयरोगाचे पाणी साचलेले असेल आणि ते न पाहता लघवी वाढवणारे औषध दिले, तर बीपी आणखी कोसळू शकते. सिकल सेलच्या मुलाला ताप आणि छातीत दुखणे सुरू झाले, तर फुफ्फुसाचा भाग घट्ट झालेला दिसताच त्याला वेळ न दवडता वर पाठवायचे असते. पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, यकृतातल्या गाठी हे सारे मोहक असले तरी पहिल्या टप्प्यात बाहेर ठेवावे. यादी लांबली की हात कशावरच बसत नाही.

प्रत्येक प्रश्नासोबत त्याची चकवणारी जागाही त्याच दिवशी शिकवावी, नंतर नव्हे. पोटात साधारण २०० मिलिलिटरहून कमी द्रव असेल तर तो सहज निसटतो. म्हणून पहिल्यांदा काही दिसले नाही तरी रुग्णाची नाडी वाढत असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा प्रोब ठेवायचा. आतडे फाटले असेल किंवा पाठीकडे रक्तस्राव असेल तर ही तपासणी जवळजवळ आंधळी आहे. यकृताच्या आजाराने पोटात आधीपासून पाणी असेल तर ते रक्तासारखेच काळे दिसते. श्वासाबरोबर फुफ्फुसाचे आवरण सरकताना दिसले नाही, की हवा भरली असे विद्यार्थी पटकन म्हणतो. पण जुन्या क्षयरोगाने आवरणे चिकटलेली असतील तरी ते सरकत नाही, आणि असे रुग्ण आपल्याकडे थोडे नाहीत. पांढऱ्या रेघा हृदय थकल्यानेच येतात असेही नाही, न्यूमोनियात आणि फुफ्फुस आक्रसल्यावरही येतात. या चकव्यांतून एक व्यावहारिक नियम निघतो आणि तो पहिल्या तासाला फळ्यावर लिहावा. उत्तरे तीनच असतील: ‘दिसते’, ‘दिसत नाही’ आणि ‘नीट पाहता आले नाही’. नुसता ‘नाही’ हा शब्द विद्यार्थ्याच्या चिठ्ठीत येता कामा नये. ‘द्रव दिसत नाही’ म्हणणे आणि ‘द्रव नाही’ म्हणणे यांत एखाद्याचा जीव अडकलेला असू शकतो.

शिकवण्याचा क्रम पहिल्या वर्षापासून धरता येतो. शरीररचनेच्या तासाला यकृत, मूत्रपिंड आणि त्यांच्यामधली फट जिवंत माणसात दाखवली, की पुस्तकातली आकृती खोल रुजते. त्यासाठी स्वतःहून तयार झालेले पुरुष विद्यार्थी हे पुरेसे आणि निर्धोक नमुने आहेत. या टप्प्यात रोग दाखवायचा नाही. प्रोबवरची खूण कुठे ठेवायची, खोली आणि उजेड कसा जुळवायचा, करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकवून हात कसा स्थिर ठेवायचा, जेल किती घ्यायचे आणि प्रत्येक रुग्णानंतर प्रोब कसा पुसायचा, एवढेच. तिसऱ्या वर्षी वॉर्डात जाताना एक शिस्त घालावी. विद्यार्थ्याने आधी हाताने तपासायचे, ठोकून आणि ऐकून अंदाज बांधायचा, तो वहीत लिहायचा आणि मगच मशीन सुरू करायचे. प्लीहेची कड त्वचेवर पेनने आखायची आणि नंतर प्रोबने ताडून पाहायची. सोनोग्राफीमुळे तपासणीचा हात जाईल, अशी ज्येष्ठ शिक्षकांची भीती रास्त आहे, पण ती या क्रमाने उलटी होते. पूर्वी विद्यार्थ्याचा अंदाज बरोबर की चूक हे त्याला अनेकदा कळतच नसे. आता मिनिटाभरात कळते, आणि चूक लगेच कळली की हात सुधारतो. नव्या क्षमताधारित अभ्यासक्रमात दाखवणे, पाहणे, मदत करणे आणि स्वतः करणे या चार पायऱ्या कौशल्यासाठी सांगितल्याच आहेत. त्यासाठी वेगळा विषय किंवा वेगळे वेळापत्रक मागण्याची गरज नाही. आहे त्या तासांत हे बसते.

खरी परीक्षा इंटर्नशिपमध्ये आहे. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकांच्या संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० पडताळलेल्या सोनोग्राफींची शिफारस केली आहे. खालचा आकडा धरला तर सहा प्रश्नांसाठी १५० तपासण्या होतात, म्हणजे वर्षभर आठवड्याला तीन. ही संख्या झेपण्याजोगी आहे, पण ‘पडताळलेल्या’ हा शब्द सोडून चालणार नाही. न पडताळलेल्या शंभर तपासण्या म्हणजे एकच चूक शंभर वेळा गिरवणे असू शकते. म्हणून प्रत्येक तपासणीची छोटी चित्रफीत रुग्णाचे नाव झाकून जतन करावी. आठवड्यातून एक तास रेडिओलॉजिस्टने आणि मेडिसिनच्या शिक्षकाने एकत्र बसून त्या पाहाव्यात. लॉगबुकात चार रकाने पुरतात: विचारलेला प्रश्न, हाताने केलेला अंदाज, पडद्यावर दिसलेले उत्तर, आणि त्यामुळे बदललेला निर्णय. चौथा रकाना वारंवार रिकामा राहत असेल, तर विद्यार्थी चित्रे काढायला शिकला, वैद्यक शिकला नाही असे समजावे. अंतिम मूल्यमापनातही सुंदर चित्राला गुण कमी आणि रेफर चिठ्ठी लिहून घेण्याला जास्त ठेवावेत. चिठ्ठीत वेळ, निष्कर्ष, काय पाहता आले नाही आणि वाटेत काय करायचे हे चारही यायला हवे.

या सगळ्यावर रेडिओलॉजिस्टांचा पहिला आक्षेप असतो तो अर्धवट ज्ञानाचा. सहा प्रश्न शिकलेला मुलगा उद्या सातव्याचे उत्तर देऊ लागेल आणि रुग्णाला खोटा दिलासा देईल, असे ते म्हणतात. हा धोका खरा आहे. मात्र तो न शिकवल्याने टळत नाही. हातात मावणारी मशीन बाजारात आली आहेत, आणि ज्याला मर्यादा शिकवलेल्या नाहीत तोच ती सगळ्यात बेधडक वापरील. शिकवणाऱ्याने मर्यादा हाच धड्याचा अर्धा भाग करावा, आणि साप्ताहिक पडताळणीची सूत्रे रेडिओलॉजिस्टच्या हाती द्यावीत. संशय आल्यावर पूर्ण सोनोग्राफी त्यांच्याकडेच होणार आहे. खाटेजवळची तपासणी ही त्यांच्या अहवालाची जागा घेत नाही, त्यांच्याकडे योग्य रुग्ण योग्य वेळी पोचवते.

दुसरा अडसर कायद्याचा आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. गर्भलिंग कळू शकेल असे कोणतेही सोनोग्राफी मशीन, मग ते फक्त छाती पाहण्यासाठी घेतलेले का असेना, नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. हातातले मशीनही नोंदलेल्या जागेत दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यातच वापरता येते. ते पिशवीत घालून गावोगाव नेणे गुन्हा ठरू शकतो. पोट व ओटीपोटाच्या सोनोग्राफीसाठी एमबीबीएस डॉक्टरांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची अट २०१४ च्या नियमांनी घातली आहे. त्यामुळे कॉलेजात मिळवलेले कौशल्य म्हणजे स्वतंत्रपणे मशीन चालवण्याचा परवाना नव्हे, हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगावे. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९६९ मुली होत्या, महाराष्ट्रात ८९४. आपला आकडा बरा आहे म्हणून इथे सैल वागावे, असा अर्थ कोणी काढू नये. २००१ साली तो ९७५ होता आणि घसरण कुठून सुरू होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून कॉलेजांसाठी मार्ग असा: मशीन नोंदवलेले, जागा नोंदवलेली, शेजारी पात्र डॉक्टर उभा. या कायद्याखालच्या जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याला प्रशिक्षणाचा आराखडा आधी लेखी कळवून त्याचे उत्तर फाइलला लावावे. गर्भवतीच्या पोटावर विद्यार्थ्याने प्रोब ठेवू नये. ते प्रशिक्षण स्त्रीरोग विभागात, कायद्याने ठरवलेल्या एफ फॉर्मच्या चौकटीत, पात्र डॉक्टरांसाठीच राहावे. तरुण स्त्रीच्या पोटात रक्त आहे का हे पाहायची वेळ आली, तर प्रोब पात्र डॉक्टरनेच धरायचा. ग्रामीण केंद्रात असा डॉक्टर किंवा नोंदलेले मशीन नसेल, तर इंटर्नच्या तपासण्या जिल्हा रुग्णालयातच करून घ्याव्यात, नियम वाकवून गावात करू नयेत. आपत्कालीन तपासणीपुरती मर्यादित सवलत असावी, अशी मागणी वैद्यकीय संघटनांनी जरूर करावी. ती मान्य होण्याची शक्यता मात्र आजवरचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांनी ती केली तरच अधिक आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा नाही, उपयोगाचा आहे, आणि तोच सगळ्यात गंभीर आहे. काँगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला या पाच देशांत गर्भवतींची सोनोग्राफी ग्रामीण आरोग्य केंद्रांत पोचवण्याचा मोठा प्रयोग झाला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा दिसले, की सोनोग्राफी झाली, पण रुग्णालयातील प्रसूती वाढल्या नाहीत आणि माता-बालकांचे मृत्यूही घटले नाहीत. याउलट रवांडाच्या दोन ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिल्यावर झालेल्या ३४५ तपासण्यांपैकी ४३ टक्क्यांत उपचाराची दिशा बदलल्याचे २००९ साली नोंदले गेले. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिल्या ठिकाणी सोनोग्राफी सरसकट प्रत्येकीची झाली आणि पुढची वाट होती तीच राहिली. दुसऱ्या ठिकाणी समोर आजारी रुग्ण होता, डॉक्टरच्या मनात प्रश्न होता आणि उत्तरावर काहीतरी करण्याची सोय त्याच इमारतीत होती. बदललेली दिशा म्हणजे वाचलेला जीव नव्हे, हेही लक्षात ठेवावे. तरीही आपल्या कॉलेजांसाठी बोध सरळ आहे. मशीन खरेदी करण्याआधी वरच्या रुग्णालयाशी बोलणे करावे. राजहरा, बालोद किंवा राजनांदगावकडून ‘पोटात द्रव दिसतो’ असा फोन आला, तर तो भिलाईत कोण घेणार, रक्त कोण मागवणार, १०८ च्या गाडीला थेट कुठे वळवणार, हे कागदावर ठरलेले असावे. ते ठरलेले नसेल, तर उत्तम शिकलेला इंटर्नही जुन्याच चिठ्ठीला थोडे सुंदर करून पाठवील.

तेव्हा कॉलेजच्या अधिष्ठात्यांना आणि शिक्षकांना सुचवायचे ते एवढेच, की मोठ्या योजनेची वाट पाहू नका. विभागातले नोंदलेले जुने मशीन, आठ-दहा विद्यार्थ्यांचा एक गट आणि पहिला प्रश्न एवढ्यावर हे सत्र सुरू करा. पोटातला द्रव नीट पाहता येऊ लागला की फुफ्फुसाकडे वळा. वर्षअखेरीस यशाचा हिशेब किती तपासण्या झाल्या यावरून मांडू नका. तुमच्या विद्यार्थ्यांच्या केंद्रांतून आलेल्या पन्नास रेफर चिठ्ठ्या काढून वाचा. त्यांतल्या किती चिठ्ठ्यांवर ती एक ओळ आहे आणि त्या ओळीमुळे वरच्या डॉक्टरने काय वेगळे केले, ते मोजा. ओळ दिसली नाही तर दोष विद्यार्थ्याचा धरू नका, आपला धडा पुन्हा तपासा.